तुझ्या पिओनीवरची माझी माती

तुले माहीत होतं. सहा वर्षं तुले माहीत होतं मोतीराम, अन् तू एका शब्दानं बोलला नाही. हे मले तुझ्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी कळावं? तेही वहिनीच्या तोंडून? मी टोपलं घेऊन उभा, टोपल्यात माती, अन् वहिनी म्हणतात, "देवरामभाऊजी, राहू द्या आता. त्यांले सारं ठाऊक होतं." मी तिथंच खाली बसलो. रडलो नाही, खोटं कायले सांगू. मले तुझा इतका राग आला की तू समोर असता तं ते टोपलं तुझ्या डोक्यावर पालथं केलं असतं.

मेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. कोण म्हणते? ज्याच्या शेजारी मोतीराम राहत नव्हता, तो म्हणत असेल.

अन् तेरवीच्या पंगतीत काय काय ऐकलं मी! जो तो सांगून राहिला, मोतीराम मोठा शांत माणूस होता, कोणाच्या अध्यात नाही मध्यात नाही. मी वरण वाढत होतो, ते सांडता सांडता राहिलं. शांत? अबे, ज्यानं नागपूरच्या व्यापाऱ्याले आपल्या मागासमोरून उठवून परत पाठवलं, तो शांत? ज्यानं मोहाडीच्या बाजारातून मासोळीचा बर्फ पिशवीत भरून आणला अन् आंगणात मातीवर ओतला, तो शांत? तू एक नंबरचा हट्टी होता. हे एकही जण बोलला नाही, म्हणून मले लिहावं लागून राहिलं.

तो व्यापारी आठवते का? कोशाच्या रेशमी साडीच्या काठासाठी चित्र घेऊन आला होता. जाडजूड गुलाबी फूल, पाकळ्यांवर पाकळ्या. मी तुझ्या ओट्यावर चहा पित बसलो होतो. तो म्हणे, "हे पिओनी आहे. आजकाल याचीच मागणी आहे." तू कागद उलटा केला, सुलटा केला. "कमळ नाही, गुलाब नाही. मागून कसं दिसते हे? देठ किती जाड? कळी असते तेव्हा कसं असते?" तो म्हणे, चित्र आहे ना समोर, तसंच काढा. तू कागदाची घडी घातली अन् त्याच्या हातात देली. "मी न पाहिलेलं फूल विणत नाही." इतकं बोलून तू मागाच्या खड्ड्यात पाय सोडले अन् धोटा फेकाले लागला. त्या माणसानं चहाही पुरा पेला नाही.

मी तुले तेव्हाच म्हटलं होतं, काहून परत पाठवला बे त्याले? पण तुझं एक ठरलेलं. कमळ तू विणलं ते बोडीवरचं, गावच्या तळ्यातलं पाहून. मी धानाच्या बांधीतलं पाणी पाहाले निघालो की तू संग यायचा, अन् पाळीवर बसून दोन दोन घंटे कमळ पाहत बसायचा. बाया धुणं धुता धुता हसत. तुले काही फरक नाही पडे.

मंग तिकडे हिमाचलात हातमागाचं प्रदर्शन लागलं, तू साड्या घेऊन गेला, अन् येताना काय आणलं तं ओल्या पेपरात गुंडाळलेली मुळी! फुलाचा हंगाम केव्हाच सरला होता म्हणे, फूल काही दिसलं नाही. पण जिथं उतरला होता तिथल्या म्हाताऱ्या माळ्याले तू कसं पटवलं कोणास ठाऊक. आंगणात माझ्यासमोर तू तो पेपर उघडला, जसं काही सोनं आणलं. मी म्हटलं, "इतक्या दुरून रताळं आणलं का गा?" तेव्हापासून साऱ्या गल्लीत तिचं नाव मोतीरामचं रताळं. त्याचा तुले राग यायचा हे मले माहीत होतं. म्हणूनच मी म्हणायचो.

माळ्यानं सांगितलेलं तू पाढ्यासारखं पाठ करून आला होता. मुळीवर जे तांबडे डोळे आहेत, त्यांच्यावर एक बोट माती, त्याच्या वर नाही. तुमच्याकडे थंडी कमी, ती जितकी पडते तितकी तिले लागू द्या. दसऱ्यानंतर पाणी बंद. पानं वाळली की कापून फेका. पौषात रोज सकाळी बर्फ. दुपारचं ऊन लागू देऊ नोका. तू जागा शोधली ती माझ्या भिंतीच्या सावलीची. तुझं घर अन् माझं घर, मधात एकच आंगण, कुंपण नाही, काही नाही. म्हणजे मुळी तुझी अन् सावली माझी. मंग त्याच्यात मले बोलाचा हक्क नव्हता का?

एक बोट माती! मी धानवाला माणूस आहे मोतीराम. हळद लावतो, अद्रक लावतो, कोचई लावतो. कंद उघडा पडला की त्याच्यावर माती चढवाची, हे माझ्या बापानं मले चालता यायच्या आधी शिकवलं असेल. आमच्यात कंदाचा डोळा वर दिसला तं रस्त्यानं जाणारा थांबून विचारते, "कोणाची वाडी आहे बावा? मालक मेला का?" अन् माझ्या भिंतीखाली, माझ्या डोळ्यांसमोर, कंद उघडा! मी म्हटलं, "अबे, थंडीनं मरेल ते." तू म्हणाला, "तिले थंडीच पाह्यजे. तू मधात बोलू नोको, तुझा विषय नाही." माझा विषय नाही! जन्मभर मातीत हात घातलेल्या माणसाले मागावरचा माणूस सांगून राहिला, मातीचा विषय तुझा नाही. मले ते झोंबलं गा. अजूनही झोंबते.

पहिल्या थंडीत तू मासोळीचा बर्फ आणला. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या साऱ्या मांजरी तुझ्या रताळ्याभोवती. वहिनी झाडू घेऊन मांजरीमागं, अन् तू वहिनीमागं, "अवो हळू, डोळे मोडतील!" मी पोट धरून हसलो. मंग वहिनीच्या फ्रिजातला बर्फ सुरू झाला. सकाळी थाळीभर बर्फ तिच्यावर ठेवाचा अन् शाल पांघरून समोर बसाचं, पार वितळेपर्यंत. मी समोरून जायचो अन् म्हणायचो, "आज ताप उतरला का पेशंटचा?"

हसत होतो, पण पाहावत नव्हतं मले. म्हणून दुपारी तू जेवून पडला की मी यायचो. मूठ-दोन मूठ माती, जास्त नाही. तीही साधी नाही बे! बोडीचा गाळ, उन्हाळ्यात तळ उघडा पडला की बैलबंडीनं आणून घरामागं साठवलेला. माझ्या धानाच्या पऱ्ह्यांना, कोवळ्या रोपांनाही मी तो हात राखून टाकतो. हातानं बारीक करून, खडे वेचून तिच्यावर पसरायचो अन् बोटांनी दाबायचो. मले वाटे, मोतीरामले कळत नाही तं काय झालं, आपण आहो ना. असं मी मनात म्हणायचो. एवढा शहाणा होतो मी.

दर वर्षी पानं येत. मस्त येत, हिरवीगार. फूल नाही. माघ जाये, फागुन जाये, तू पानं वर करकरून कळी शोधायचा. मंग तोंड पाडून म्हणायचा, "थंडीच कमी पडली." मी म्हणायचो, "आपल्या मातीत येतच नाही हे. सोडून दे." तू म्हणायचा, "येते." मी म्हणायचो, "नाही येत." वहिनी आतून ओरडायच्या, "जेवाले या, नाही तं दोघंही तिथंच उगवान!" आपल्या मातीत येत नाही, हे मी कोणत्या तोंडानं बोलत होतो? नखात गाळ घेऊन!

आता ऐक, वहिनीनं काय सांगितलं. तुझं आंगण मुरमाचं, तांबडं. माझा गाळ काळा कुळकुळीत. सहा वर्षांत मले हे एकदा सुचलं नाही! अन् मी फसवून कोणाले राहिलो होतो? कोशाच्या दोन लडींमधला फरक जो दिव्याच्या उजेडात सांगे, त्याले! तू पहिल्याच दिवशी दुपारी चार वाजता उठून चूळ भरली अन् पाहिलं. वहिनीले बोलावून दाखवलं. दोघं हसले म्हणे. मंग तू तो गाळ बोटानं बोटानं उचलला, मुरूम तसाच ठेवला. उचललेला गाळ कुठं टाकला तं वहिनीच्या वांग्यात!

वांग्यात! अन् ते वांगे मले खाऊ घातले! माझी गंगा गेली तेव्हापासून सांजची भाजी तुमच्याच घरून येते. वहिनीच्या हातचं ते वांग्याचं भरीत खाऊन मी कितीदा म्हटलं असेल, "वहिनी, काय खत टाकता वो? असे वांगे माझ्या वाडीत नाही होत." तू समोर बसून मान खाली घालून जेवत राहायचा. तुझे खांदे हलायचे. मले वाटे ठसका लागला. मी पाणी देत होतो तुले लेका, पाणी!

इथपर्यंत मी माफ केलं असतं. खरंच. इथपर्यंत तुझी जीत अन् माझी हार, चार लोकांत सांगून मीच हसलो असतो. पण पुढच्या दोन वर्षांचं काय?

तुझे गुडघे गेले. मागाच्या खड्ड्यात उतरणं बंद झालं, तुझी पोरगी सुनंदा तुझ्या जागी बसाले लागली. पोट्टी तुझ्यासारखीच धोटा फेकते, आवाजात फरक नाही. तुझी प्लॅस्टिकची खुर्ची आंगणात आली, पिओनीपासून तीन हातांवर. बर्फ सुनंदा ठेवाची, तू खुर्चीतून सांगायचा, जरा डावीकडे, जरा उजवीकडे. पण वाकून बोटानं गाळ उचलणं तुले जमत नव्हतं. अन् मी येतच होतो. तू दुपारी खुर्चीत मान टाकून, डोळे मिटून. मी चप्पल काढून पाय न वाजवता यायचो, तुझ्या तीन हातांवर बसायचो अन् टाकायचो. दोन वर्षं. चार बोटं थर झाला गा.

तू झोपला नव्हता. वहिनीनं हेही सांगितलं. तू पापण्यांतून मले पाहत होता.

वहिनी तुझ्यावर चिडल्या म्हणे. "सांगा ना त्यांले. नाही तं मी सांगते." तू म्हणाला, "सांगितलं तं देवराम लाजेल. लाजला तं या आंगणात येणार नाही. गंगावहिनी गेल्यावर दुसरं कोणतं घर आहे त्याले?"

हे तू बोलला? माझ्या मागं? तुले कोणी सांगितलं मी आलो नसतो? आलो असतो! दोन दिवस आलो नसतो, मान्य. तिसऱ्या दिवशी शिव्या देत आलो असतो. तू मले ओळखलं काय इतक्या वर्षांत? "देवराम, हात आवर" इतके तीन शब्द. माणूस मरेपर्यंत तीन शब्द गिळून बसते का बे? तुझं फूल माझ्या मातीखाली गाडलं गेलं, अन् तू समोर खुर्ची टाकून पाहत बसला, का तं देवरामच्या मनाले लागू नये. मंग आता लागलं नाही का? आता तं असं लागलं की निघत नाही, अन् भांडाले समोर कोणी नाही. हे तुझं शहाणपण!

अन् जाताना कसा गेला! आदल्या सकाळी मी भाताचा पहिला नवा तांदूळ घेऊन आलो, तू म्हणाला, "यंदा थंडी चांगली पडून राहिली, देवराम." मी म्हटलं, "कितीही पडली तरी तुझं रताळं काही फुलत नाही." तू हसला. हे माझं शेवटचं बोलणं तुझ्यासंग. याच्यापेक्षा चांगलं काही मले सुचलं नाही.

तेरवीच्या मंडपासाठी पोट्ट्यांनी आंगण सपाट केलं. वाळकी पानं सुनंदानं आधीच कापली होती, वर काही दिसतच नव्हतं. त्यांनी फावडा धरला अन् सरसर ओढला. माझा दोन वर्षांचा गाळ, चार बोटं, सारा ओढून आंगणाच्या कोपऱ्यात गेला. मी तेव्हा चुलीकडे होतो. दुसऱ्या दिवशी मंडप निघाला अन् पाहतो तं काय, डोळे उघडे. तांबडे, टपोरे, थंडीत कुडकुडत. माझा जीव वर आला. धावत घरी गेलो, टोपलं भरलं. अन् परत आलो तं वहिनी उभ्या.

मी टोपलं घेऊन घरी गेलो. दोन दिवस तुझ्या आंगणात पायही ठेवला नाही. पाह्य, तू म्हणाला ते खरं झालं ना? अन् तिसऱ्या दिवशी गेलो. मी म्हणालो तेही खरं झालं. वहिनीनं बर्फाची थाळी माझ्या हातात देली.

मंग मी रोज सकाळी बर्फ ठेवला. शाल पांघरून समोर बसलो, वितळेपर्यंत. तुझ्या खुर्चीत नाही, खाली. गल्लीतले म्हणू लागले, मोतीरामचं वेड देवरामले लागलं. म्हणा. माझा हात रोज मातीकडे जाये, मी तो मांडीखाली दाबून बसे. तुले सोपं वाटते का हे? साठ वर्षांची सवय आहे बावा.

माघात कोंब आले, लाल, बोटाएवढे. मंग पानं. मंग एका कोंबाच्या शेंड्यावर बोराएवढी गोल गाठ. मी सुनंदाले हाक मारली, माझा आवाज फाटला. ती माग सोडून धावत आली. कळी! त्या कळीवर मुंग्या चढल्या तं मी घरून मुंग्यांच्या पावडरचा डबा घेऊन निघालो. अर्ध्या रस्त्यात थांबलो. माळ्यानं मुंग्यांचं काही सांगितलं होतं का, हे विचाराले तू नव्हता. डबा तसाच ठेवून देला. म्हटलं, देवराम, तू जे जे करत नाही तेच या झाडाले मानवते.

मागच्या आठवड्यात ती उघडली. ऊन कडक व्हाले लागलं होतं, मले भरवसा नव्हता. सकाळी गेलो तं उघडलेली. अन् इतकुशी, मोतीराम! भाजीच्या वाटीएवढी. त्या व्यापाऱ्याच्या चित्रातली परातीएवढी अन् ही एवढी. चित्रात गच्च भरलेली, इथं दोनच फेर पाकळ्या, कडेले जरा चुरगळलेल्या. आत पिवळं धमक. मी तिच्यावर चिडलोच. याच्यासाठी सहा वर्षं? याच्यासाठी मासोळीचा बर्फ? मंग वाकून वास घेतला अन् मंग अजून एकदा वाकलो. वहिनी दारात उभ्या होत्या. पदर तोंडाले लावून आत गेल्या.

सुनंदा पाट घेऊन तिच्यासमोर बसली. मागून पाहिलं, बाजूनं पाहिलं, देठाची जाडी बोटानं मापली, जसं तू विचारत होता तसंच. मी म्हटलं, "पोरी, लहान झालं गं फूल. चित्रातलं मोठं आहे, तेच काढ." ती वर न पाहता म्हणाली, "काका, आपल्याकडचं असंच आहे. बाबानं असंच विणलं असतं." दुसऱ्या दुपारी पाकळ्या गळल्या. तिनं त्या वेचून कागदावर मांडल्या अन् मोजल्या. आता मागावर नवीन काठ चढला आहे. दिवसभर आवाज येते.

तर मोतीराम, सहा वर्षं जे तुझ्यासमोर बोलाले पाह्यजे होतं ते आता तुझ्या खुर्चीसमोर बोललो. मोठ्यानं बोललो, वहिनीनं ऐकलं असेल तं ऐको. हव, माती मीच टाकत होतो. तू गेला त्या आठवड्यातही टाकली होती. तू काढू शकत नव्हता अन् मी थांबत नव्हतो. फूल आपल्या मातीत येते. तू बराबर होता, मी नव्हतो. झालं? ऐकलं? पण तू बोलला नाही ते चूकच. ते मी कधीच माफ करणार नाही, सांगून ठेवतो.

आज दुपारी घरामागून टोपलंभर गाळ काढला. हातानं बारीक केला, खडे वेचले. तुझ्या आंगणात आलो, चप्पल पायात तशीच, पाय वाजवत. पिओनीपासून तीन हातांवर तुझी खुर्ची आहे, तिच्यासमोर थांबलो, तुले टोपलं दाखवलं. अन् सरळ जाऊन वहिनीच्या वांग्यात टाकलं.